माठाजवळ पाणी पिणारा माणूस

पालघर. कार्तिकातला शेवटचा रविवार, १९६७.

तुझ्या तेराव्याला हजर होते: तुझी सुमन, तिचे दोघे भाऊ, मी आणि आमचे हे, स्टुडिओशेजारचे सायकलवाले, आमच्या दवाखान्यातल्या दोघी, केळवे-माहीमच्या यमुनाकाकू वाडीतली केळीची पानं घेऊन, आणि दांडीहून हिराबाई. हिराबाईला कुणी कळवलं नव्हतं. बोईसरला कुठल्याशा ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकून ती आली होती.

विनू, हजेरी आधी घेतली आणि बाकीचं मागे ठेवलं. तू हसला असतास. "अक्का, तू स्वर्गात गेलीस तरी दारात उभी राहून आत कोण कोण आहे ते लिहून घेशील," असं तू म्हणायचास. पण कुणीतरी लिहून घ्यायला लागतंच. भटजींना निरोप, बिछायत, तुझ्या स्टुडिओच्या मालकाला चावीचं सांगणं, सुमनला दोन घास खायला लावणं, सगळं मीच केलं. आता दमले रे. पायांपेक्षा डोळे जास्त दमलेत.

पानं उठल्यावर सगळे ओसरीवर टेकले. हिराबाई भिंतीला पाठ लावून, पदर गुडघ्यांवर घेऊन बसली होती. मग सगळ्यांसमोर मला म्हणाली, "नर्सबाय, भाऊ गेला. आता माजा धाकू मला कोन देनार?"

सुमनचा थोरला भाऊ माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, बाई भ्रमिष्ट आहे. मला मात्र नीट कळलं, आणि तुझा इतका राग आला की हातातलं पाण्याचं भांडं मी आपटूनच ठेवलं. हे काम तुझं होतं. ते तू आठ महिने लांबवलंस, आणि मग निघून गेलास.

सहा दिवस तू पालघर स्टेशनजवळच्या त्या कोंदट खोलीत दिव्यांखाली माणसं बसवायचास. तारापूरच्या वीजकेंद्राचं काम सुरू झाल्यापासून ओळखपत्राच्या फोटोंची रांग रस्त्यापर्यंत यायची. लांबलांबून आलेली माणसं, कपाळावर घाम, गळ्याशी बटण लावलेलं. एकदा मी डबा घेऊन आले होते तेव्हा एक जण तुला विचारत होता, "साहब, हँसना है क्या?" आणि तू म्हणालास, "कार्ड के लिए मना है. बाहर जाके हँस लेना." तो खरंच बाहेर जाऊन हसला, आणि रांगेतले सगळे हसले.

सातव्या दिवशी तुला दिवा नको असायचा आणि माणूसही नको असायचा. कॅमेरा, लाकडी स्टँड आणि मी. लांब जायचं तर बोईसरपर्यंत गाडीने, पुढे बस नाहीतर दगडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. केळवे, माहीम, चिंचणी, तारापूर, दांडी. कुणाच्या घरातली रॉकेलची चिमणी, कुणाचं जातं, वळणीवरचं घोंगडं. दारातून आत येईल तेवढा उजेड, काचेच्या कौलातून पडेल तेवढा, किंवा कुडाच्या फटीतून येणारा. त्याच्यावर तू एक काडीही पेटवायचा नाहीस. मी विचारलं होतं, "दिवा लावला तर काय बिघडतं?" तू म्हणालास, "मग ती वस्तू माझ्या दुकानात आल्यासारखी दिसते. मला ती तिच्या घरात बघायची आहे."

माझी गरज तुला का होती हे आपण दोघंही जाणून होतो. परक्या पुरुषाला कुणी चुलीपर्यंत जाऊ देत नाही. नर्सबाईचा भाऊ म्हटला की जाऊ देतात. अर्ध्या घरांतली पोरं माझ्या हातांवर जन्मलेली.

आणखी एक काम माझ्याकडे होतं. उजेड मोजायचं यंत्र तुला परवडत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी तू घेतलं नसतंस. माझ्या पिशवीतली औषधाची बाटली तू त्या वस्तूशेजारी धरायला लावायचास आणि म्हणायचास, "वाच." लेबलवरची मोठी अक्षरं दिसली आणि बारीक दिसली नाहीत, तर शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तुला कळायचं. बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'बाटली हलवून घ्यावी.' आणि तू दर वेळी सगळ्यांना सांगायचास, "आता कुणी हलू नका." मला चाळिशी लागल्यावर पहिल्याच रविवारी तू विचारलंस, "अक्का, चष्मा लावून वाचलंस की न लावता? खरं सांग, त्यावर माझा रोल अवलंबून आहे."

आपलं भांडण निरोपावरून होतं. मी आधी निरोप पाठवायची. कुणाच्या घरात न सांगता शिरणं मला पटत नाही. घरात कुणी आजारी असेल, कुणी बाळंतीण असेल, जेवणवेळ असेल. तुझं म्हणणं, निरोप गेला की वस्तू पाहुण्यांसारख्या वागायला लागतात.

माहीमला तेच झालं. यमुनाकाकूंचा चुलीवरचा पाण्याचा हंडा तू आदल्या खेपेला पाहिला होतास. काजळीने काळा, फक्त गळ्यापाशी हात लागून लागून पितळ उघडं पडलेलं. तो तुला हवा होता. मी पोस्टकार्ड टाकलं. आपण पोचलो तर हंडा चिंचेने घासून पाटावर ठेवलेला, सोन्यासारखा, आणि खाली नवा टॉवेल.

"काकू, हा तोच का हो?" तू विचारलंस.

"मग काय? नर्सबाई येणार म्हटल्यावर काळं भांडं दाखवू होय?" यमुनाकाकू म्हणाल्या. "दोन दिवस घासतेय. माझ्या सासूनंतर पहिल्यांदाच बूड दिसलं त्याचं."

तू माझ्या कानाशी म्हणालास, "भांड्यांना सणाचे कपडे घालायला लावतेस तू."

"आणि तू लोकांच्या खरकट्यात नाक खुपसतोस," मी म्हटलं.

काकूंचं मन मोडू नये म्हणून तू फोटो काढलास. पुढच्या आठवड्यात मला तो दाखवलास तेव्हा नुसता चिडला होतास. "बघ. हंडा कुठेय यात? दार आलंय, वाडीतल्या सुपाऱ्या आल्यात, आणि मधोमध मीच. कॅमेऱ्यावर वाकलेला बेडूक." मी म्हटलं, फेकून दे मग. तू फेकला नाहीस. तू काहीच फेकत नव्हतास. बिघडलेल्या फोटोंच्या पाकिटांवर मी 'वाया' असं लिहून ठेवायची आणि तू ती पाकिटं चांगल्यांच्याच कपाटात ठेवायचास. त्यावरही आपलं मिटलं नाही.

दांडीला मात्र मी निरोप पाठवला नव्हता. ठरलेलंच नव्हतं. तारापूरहून परतायची बस चुकली, ऊन होतं, आणि मला हिराबाईचं घर आठवलं. तिची धाकटी माझ्या हातची. पाणी मागायला म्हणून शिरलो. आत काळोख होता, एक काचेचं कौल, आणि त्याखाली कोपऱ्यात माठ, माठावर झाकणी, झाकणीवर तांब्या. ओल्या मातीवर वरून पडलेला उजेड. तू पाणी प्यायचंच विसरलास.

स्टँड लावलास. माझ्याकडून बाटलीवरचं वाचून घेतलंस. मला मोठी अक्षरंसुद्धा जेमतेम दिसत होती. शटर उघडलंस आणि आपण तिघं, तू, मी आणि हिराबाई, श्वास धरून माठाकडे बघत राहिलो.

आणि त्यातच धाकू आला. हिराबाईचा नवरा. होडीवरून तसाच आलेला, उघडा, कमरेला रुमाल, अंगावर मीठ. त्याने आपल्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. हिराबाई हातांनी त्याला 'नको नको' करत होती. त्याने ते बघितलं की नाही कोण जाणे. सरळ माठापाशी गेला, तांब्या बुडवला, मान मागे टाकून वरून धार धरून सगळा तांब्या प्याला. घाई नाही, काही नाही. तांब्या होता तिथेच ठेवला. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कोन निजलाय हितं?"

"तुमचा माठ," तू म्हणालास.

"मंग त्याला उटवू नका. आमी भायेर बसतो."

हिराबाई पदरात तोंड घालून हसली. तूही हसलास, आणि फोटो वाया गेला म्हणून नंतर बसमध्ये सबंध रस्ता कुरकुरत बसलास. फोटो धुतल्यावर तसंच निघालं. माठ लख्ख आलेला, त्याच्यावरचा तांब्या आरपार दिसणारा, आणि त्याच्या वर हवेत दुसरा एक फिकट तांब्या. त्याच्यामागे धुरासारखं काहीतरी. बघत राहिलं की तो धूर जुळून येतो. उचललेला कोपर, मागे टाकलेली मान, गळ्याची घाटी, हनुवटी. चेहरा नाही. तोंड छताकडे होतं ना. पाकिटावर मी लिहिलं, 'दांडी, माठ, वाया.'

पुढच्या फाल्गुनात त्याची होडी परत आली, तो आला नाही. हे तुला मीच सांगितलं. मग काही दिवसांनी हिराबाई तुझ्या स्टुडिओत आली. मी तिथेच होते, काचेवर कापड फिरवत. रांगेतली माणसं बाजूला सारून ती थेट तुझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, त्या दिशी तो पानी प्याला तवा तुमचा फोटो चालू व्हता. तो त्याच्यात हाय का नाय, येवडंच सांगा."

तू खोटं बोलला नाहीस. "आहे," म्हणालास.

"मंग द्या."

"अजून नीट आलेला नाही, हिराबाई. नीट करून देतो."

"नीट काय करायचंय? तो काय नीट व्हता?"

रांगेतले हसले. ती हसली नाही. तिच्याकडे त्याचं दुसरं काहीच नव्हतं. एका जत्रेत पडद्यापुढे उभं राहायला ती त्याला ओढत घेऊन गेली होती, तर दिवे बघून तो पळाला होता. हे तिनेच सांगितलं, आणि गेली.

तेव्हापासून तू लागलास. दुकान बंद केल्यावर आतल्या खोलीत तीच एक निगेटिव्ह. मी विचारायची, झालं का? तू सांगायचास, माणूस वर काढावा तर माठ पांढराफटक पडतो, माठ राखावा तर माणूस भिंतीत विरतो. आणि चेहरा तर नाहीच, तो कुठून आणणार? मी म्हटलं, तिने चेहरा मागितलेलाच नाही, तू उगीच अडवून धरलायस. जे आहे ते दे आणि मोकळा हो.

आपलं शेवटचं भांडण तेच. आश्विनात, तुझ्या स्टुडिओच्या पायरीवर. सुमन ओरडली, "रस्त्यात काय भांडताय दोघं, लोक बघतात," तरी आपण थांबलो नाही.

तू म्हणालास, "आत्ता तिच्या डोळ्यांत त्याचा चेहरा आहे. मी तिला हा धूर दिला तर ती रोज धूर बघेल. वर्षभराने डोळे मिटल्यावर तिला धूरच दिसेल. मी त्याला दुसऱ्यांदा घालवू?"

मी म्हटलं, "तिच्या डोळ्यांत काय ठेवायचं ते ती ठरवेल. तू कोण?"

तू म्हणालास, "मी फोटो काढणारा. मला माहीत आहे फोटो काय करतो ते."

मी म्हटलं, "तुला काय माहीत आहे? तू माठ काढतोस."

हे मी म्हटलं. तेव्हा मला ते बिनतोड वाटलं होतं. तू पायरीवरून उठलास, आत गेलास, आणि आठ दिवसांत तुला ताप चढला. तापात तू काय काय बोललास, पण हा विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. मला वाटलं, बरा झाल्यावर बघू.

तेराव्याच्या आदल्या दिवशी हार घालायला तुझा फोटो शोधला. विनू, आख्ख्या तालुक्याचे चेहरे तुझ्या कपाटात आहेत आणि तुझा एकही नाही. लग्नातला एक सापडला, मुंडावळ्यांतला, डोळ्यांवर फुलं आलेली. सुमनने हातात घेतला आणि परत दिला. म्हणाली, "ह्यांना मी ओळखत नाही, वन्सं. मी ओळखायला लागले ते नंतर." शेवटी पाटावर नुसता हार ठेवला.

तेरावा उरकल्यावर स्टुडिओ आवरायला गेले. सुमनला जमणार नव्हतं. 'वाया' लिहिलेली पाकिटं मी बाजूला काढत होते, फेकायला नव्हे, नुसती वेगळी करायला. त्यात माहीमचा हंडा निघाला. चष्मा लावून दारात उजेडाला धरला. सोन्यासारखा हंडा, त्यात वाकडं झालेलं दार, बाहेरच्या सुपाऱ्या, आणि मधोमध तू. पोट हंड्याच्या पोटाएवढं, डोकं लिंबाएवढं, एक हात शटरवर. तोंड कॅमेऱ्यात खुपसलेलं, त्यामुळे चेहरा नाही. पण तो तूच. खांदा वर करायची ती सवय तुझी, लहानपणी दप्तर अडकवताना होती तीच. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

यमुनाकाकूंनी हंडा काळा ठेवला असता तर तू त्यात आला नसतास. माझं पोस्टकार्ड गेलं म्हणून तू मला मिळालास. हे तुला ऐकवायला मिळालं असतं तर मी आठवडाभर ऐकवलं असतं.

तो फोटो मी घरी आणला आणि फळीवर ठेवला. दिवसातून पुन्हा पुन्हा बघते. काल दुपारी जरा आडवी झाले, डोळे मिटले आणि तुला समोर आणायला गेले, तर हंड्यातला तू आलास. लिंबाएवढं डोकं. मी तो बाजूला सारून खरा चेहरा आणायचा प्रयत्न केला. आला, पण वेळ लागला. तापातला आला, मग पायरीवरचा. आणि त्यांच्यामागून पुन्हा हंड्यातला.

म्हणजे तुझं खरं होतं. फोटो काय करतो ते तुला माहीत होतं.

पण विनू, कुणी माझ्याकडून तो फोटो काढून घ्यायला आलं तर मी देणार नाही. तुझा चेहरा राखायचा म्हणूनसुद्धा नाही. हे तू हिशेबात धरलं नव्हतंस. धरता आलं नसतं, कारण तोवर तुझं कुणी गेलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास.

आतल्या खोलीत दोरीला चिमट्यांनी लावलेले दांडीचे फोटो सापडले. प्रत्येकात माठ आहे आणि प्रत्येकात धूर कमीजास्त आहे. नापसंत फोटोच्या मागे तू पेन्सिलीने फुली मारायचास. मी एकेक उलटून पाहिला. सगळ्यांवर फुली आहे. फक्त दोरीच्या टोकाला लावलेल्या एकावर नाही. त्यात माठ पांढरट आहे, तू एरवी कधी चालवून घेतला नसतास इतका. पण धाकू आहे. कोपर आहे, पाण्याची धार आहे, गळ्याची घाटी आहे. फुली नाही ती फोटो तुला पसंत पडला म्हणून, की मारायच्या आधी ताप चढला म्हणून? सुमनला विचारलं. तिला माहीत नाही. मी तो उलटसुलट करून बघितला. तू एका शब्दात सांगितलं असतंस.

उरलेल्या कामांचं सांगते. बिछायत परत गेली. स्टुडिओच्या मालकाने पौषापर्यंत थांबायचं कबूल केलंय. तुझा स्टँड आमच्या माळ्यावर आहे. ज्यांचे ओळखपत्राचे फोटो तयार होते त्यांना सायकलवाल्यांनी वाटले. एक जण परत येऊन विचारत होता, साहब कब बैठेंगे. त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं.

फुली नसलेला फोटो जाड कागदात घालून माझ्या पिशवीत ठेवला आहे, औषधाच्या बाटलीला टेकून. तो हिराबाईच्या हातात देण्याआधी तू पायरीवर म्हणालास ते सगळं तिला सांगणार आहे, आणि फळीवरच्या हंड्याचंही सांगणार आहे. मग तिने घ्यायचा की नाही ते ठरवावं. मला वाटतं ती माझं बोलणं संपायच्या आत हात पुढे करील. पण सांगायला हवं.

निरोप पाठवलेला नाही. निरोप गेला तर ती तांब्या घासून ठेवील.

आज रविवार होता. सकाळी बोईसरच्या गाडीला निघायचं ठरवलं होतं, चपला घातल्या होत्या. मग सुमन म्हणाली, बसा ना जरा. बसले, आणि हे लिहीत राहिले. गाडी गेली. बाहेर ऊन उतरलंय, बाटलीवरची मोठी अक्षरं अजून दिसताहेत.

दांडीला जायचं आहे.